किती ते कळतं, कोण ते नाही

माझं काम माझ्या आईला कधीच पटलं नाही. चंद्रपुरात एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर आमचं छोटंसं ऑफिस आहे आणि तिथे बसून मी गर्दी मोजणारे प्रोग्रॅम लिहिते, हे तिला मी नाना तऱ्हांनी सांगून पाहिलं. ती दर वेळी एकच विचारायची, खरे किती होते ते कळते का? मी म्हणायची, अगदी नेमके नाही, पण शंभरात दोन-तीन इकडेतिकडे. त्यावर सुपातले तांदूळ पाखडत ती म्हणायची, "म्हंजे अंदाजच ना व. अंदाज त मले बी येते."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पण त्या अंदाजावर माझा जीव होता, आणि आजही आहे, म्हणून आधी तो सांगते.

महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मोठी जत्रा भरते. तिथली माणसं मोजायचं काम दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे आलं. वाटतं तितकं ते सोपं नाही. फाटकावर एक माणूस बसवून भागत नाही, कारण झाडीपट्टीतला माणूस जत्रेत एकदाच येत नसतो. तो येतो, बंडीचे बैल सोडतो, नदीवर जातो, परत येऊन चूल पेटवतो, पोरांना पाळण्यात बसवतो आणि विसरलेला नारळ आणायला पुन्हा बाहेर जातो. फाटकावरच्या मोजणीत एकाच बाईच्या पाच-सहा बाया होतात. आम्हाला हवी होती वेगवेगळी माणसं, एकेकदाच धरलेली.

आमची पेटी जेवणाच्या डब्याएवढी. ती फोन ऐकते. खिशात गप्प पडलेला फोनसुद्धा थोड्या थोड्या वेळाने आसपास हाका मारत असतो आणि त्या हाकेत त्याची एक खूण असते. नवे फोन ही खूण मधूनमधून बदलतात, तेवढी वजावट करावी लागते. दिवसभरात अशा हाका मोजण्यापलीकडे जातात. आलेली प्रत्येक खूण जपायची आणि नवी आली की आधीच्या सगळ्यांशी ताडून बघायची, म्हटलं तर त्या डब्याचा जीव जाईल. म्हणून पेटी काही जपतच नाही. ती खूण एका ठरावीक चक्कीतून काढते आणि बाहेर पडते शून्य आणि एक यांची लांबलचक माळ. तोच फोन शंभरदा ओरडला तरी माळ तीच पडते. पेटी फक्त एवढंच बघते, की माळेच्या सुरुवातीला ओळीने किती शून्यं आली. आतापर्यंतची सगळ्यात लांब ओळ तेवढी लक्षात ठेवते आणि बाकी सगळं सोडून देते.

हे मी आईला नाण्यावर समजावलं होतं. एखादं पोरगं येऊन म्हणालं, मला ओळीने दहा छापे पडले, तर ते किती वेळ नाणं उडवत बसलं असेल हे आपल्याला न बघता कळतं. दोनच पडले म्हणालं तर ते आत्ताच बसलंय. एखाद्याचं नशीब उगाच जोरावर असतं, म्हणून एकाच ओळीवर विसंबायचं नाही. माळा हजारो खणांत वाटायच्या, प्रत्येक खणाची लांब ओळ वेगळी ठेवायची आणि सगळ्या खणांची मिळून सरासरी काढायची. दोन पेट्यांचं एकत्र करायचं असेल तर बेरीज करायची नाही. खणाला खण लावायचा आणि मोठा आकडा ठेवायचा, म्हणजे दोन्हीकडे दिसलेली बाई एकदाच धरली जाते. मला हे इतकं देखणं वाटतं की सांगताना माझा आवाज चढतो. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, की नाणं कोणाचं होतं.

जत्रेआधीच्या बैठकीत बंदोबस्ताच्या साहेबांनी वेगळाच प्रश्न काढला. एखादा नंबर दिला तर तो माणूस जत्रेत आला होता का, हे तुमची पेटी सांगेल का? मी म्हटलं, नाही सांगणार, तिला माहीतच नसतं. हे मी जरा तोऱ्यात म्हटलं. आमच्या जिल्ह्यांत, एकीकडे नक्षल आणि दुसरीकडे पोलीस असताना, कोण कुठे गेलं होतं हा प्रश्न साधा नसतो, आणि ज्यातून त्याचं उत्तर कोणीच काढू शकणार नाही असं यंत्र मी केलंय याचा मला अभिमान होता. पेटी एका माणसाबद्दल कधीच काही सांगत नाही, ती सगळ्यांबद्दल सांगते. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांनी मान हलवली.

तीन पेट्या लावल्या. एक रस्त्याच्या फाटकावर. दुसरी वरच्या मैदानात, जिथे ट्रॅक्टर आणि बंड्या उतरतात आणि लोक चुली मांडतात. तिसरी खाली घाटावर. मैदानातून घाटाकडे जाणारी वाट दोन दरडींमधून उतरते, जेमतेम एक बंडी जाईल एवढी रुंद. तिच्या तोंडाशी बांबू रोवून दोर बांधला होता. घाटावर जागा झाली की दोर सोडायचा, घोळका खाली जाऊ द्यायचा आणि पुन्हा धरायचा. जागा झाली की नाही हे घाटावरची पेटी सांगणार होती. तिची पाटी दर काही मिनिटांनी पुसली जायची, म्हणजे आत्ता तिथे किती वेगळे फोन आहेत ते कळायचं. फोनांवरून माणसं काढायला एक हिशेब लागतो. तो मी आदल्या दिवशी फाटकावर उभी राहून केला होता, किती जण आले आणि त्यातल्या किती जणांजवळ फोन होता असा.

आईही येणार होतीच. आमच्या गल्लीतल्या बायका दर वर्षी एका ट्रॅक्टरमध्ये बसून जातात. सकाळी ती आमच्या बंदोबस्ताच्या तंबूपाशी डोकावून गेली, मला शेंगदाण्याचा लाडू दिला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. आंघोळ झाली की बोलावते, जेवायला ये, म्हणाली.

ऊन चढलं तसा दोरामागचा आवाज वाढत गेला. आमचा तंबू बाजूला उंचावर होता. तिथून ना दोर दिसत होता ना घाट, दोन्हीमध्ये दरड. घाटावरच्या खांबाला कॅमेरा होता, पण सकाळीच एका ट्रॉलीने वायर ओढून नेली आणि तो आंधळा झाला. खालून वायरलेसवर शिपाई सांगत होता, गर्दी आहे, साहेब. पण तो हे पहाटेपासून सांगत होता, घाट रिकामा होता तेव्हाही. म्हणून सगळ्यांची नजर माझ्या पडद्यावर. आणि पडदा म्हणत होता, की घाटावर ठरवलेल्या मर्यादेच्या निम्मीही माणसं नाहीत.

साहेब उभ्यानेच विचारत होते, दोर सोडू का? दोरामागे लोक रेटायला लागले होते, बांबू हलतायत असा निरोप आला होता. रिकामा घाट आणि तुंबलेली वाट ही काय तऱ्हा झाली, असं ते म्हणाले, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. मी आकडा पुन्हा ताजा करून बघितला. तोच. पेटी चालू होती, खण भरत होते, सगळं जसं हवं तसं. मी हो म्हणणार होते. मग वाटलं, एवढा मोठा घोळका खाली सुटतोय, आईची आंघोळ झाली असेल तर ती वर आलेली बरी. म्हणून फोन लावला.

उचलला तो दुसऱ्याच बाईने. आमच्या गल्लीतलीच, गुडघे धरलेली, दर वर्षी ट्रॅक्टरपाशी बसून राहणारी.

"तुही माय नाई इथी. साऱ्याजणी नदीवर गेल्या. फोन माह्यापाशी ठेवून गेल्या, पिशवीत."

मी विचारलं, सगळ्यांचे? ती म्हणाली, सगळ्यांचेच, पाण्यात कोण फोन घेऊन जाते. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यांचंही तसंच, त्यांची म्हातारी तिकडे पिशवी घेऊन बसली आहे.

माझी पाचावर धारण बसली. ही आमच्याकडची जुनीच रीत. नदीवर जाताना चपला, घड्याळं, कनवटीचे पैसे सगळं एका बसून राहणाऱ्या बाईच्या ओटीत टाकायचं आणि मोकळ्या हाताने उतरायचं. आता त्यात फोन आले, एवढंच. फाटकातून फोन माणसाबरोबर आत येतो, म्हणून तिथला माझा हिशेब बरोबर होता. मैदानात मात्र फोन माणसापासून सुटतो. ट्रॅक्टरपाशी एक म्हातारी बसलेली असते आणि माझी पेटी तिला अख्खा गाव समजते. घाटावर अख्खा गाव उभा असतो आणि पेटीला तिथे चार तरुण पोरं दिसतात, सेल्फी काढणारी. गणिताला दोष नव्हता. फोन त्याने अगदी बरोबर मोजले होते.

साहेब म्हणाले, "मॅडम, आकडा काय म्हणतो?"

"आकडा सोडा म्हणतो. मी सोडू नका म्हणते."

त्यांनी खरा आकडा मागितला. मी म्हटलं, माझ्याकडे नाही. मग त्यांनी आवाज न चढवता विचारलं, की वाटेत लोक गुदमरायला आलेत, त्यांना मी कशाच्या जोरावर थांबवू?

"माझी आई खाली घाटावर आहे आणि तिचा फोन वर मैदानात आहे. तिच्यासारख्या सगळ्यांचेच आहेत."

 त्यांनी वायरलेस उचलून, दोर सोडायचा नाही, असं सांगितलं आणि स्वतः दरडीच्या कडेने घाट बघायला पळाले.

ते परत येईपर्यंतचा वेळ मला आजही नकोसा वाटतो. खाली काय आहे ते मला दिसत नव्हतं आणि दोरापाशी काय आहे तेही नाही. फक्त आवाज येत होता. आधी हर हर महादेव होतं. मग त्यात शिव्या मिसळल्या. मग शिव्याही थांबल्या आणि उरला तो नुसता मोठा घरघराट, माणसं दाटली की येतो तसा. मी मनाशी म्हणत होते, की मी घाटावरच्यांना वाचवायला निघाले आहे आणि दोरापाशी कोणी चेंगरलं तर ते माझ्या शब्दावर चेंगरेल. आणि खरं सांगायचं तर दोरापाशी कोण आहे याची मला तेव्हा फारशी पर्वा नव्हती. माझी माणसं खाली होती.

साहेब आले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. आंघोळ झालेल्यांना मागे फिरता येत नव्हतं आणि कडेची माणसं ढकलली जाऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, कडेवर पोरं घेऊन. वरचा घोळका सुटला असता तर काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना दुसरी वाट हवी होती. घाटाच्या वरच्या अंगाला रेतीत ढीवर कोळ्यांच्या डांगरवाड्या आहेत, कलिंगडांच्या. बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं. त्यातून लोक बाहेर काढता आले असते, पण वाडी तुडवली गेली असती, आणि डांगरं नुकती धरली होती. साहेबांनी वाडीवाल्याला बोलावलं.  लुगड्याच्या चिंध्या हाताला गुंडाळून त्याने स्वतः काटे ओढून बाजूला केले आणि वेलांकडे पाठ करून उभा राहिला. मग माणसं निघायला लागली.

मी मैदानात पळत गेले. पिशवीवाली बाई ट्रॅक्टरच्या सावलीत पाय पसरून बसली होती, पिशवी मांडीत. आमच्या गल्लीतल्या बायका एकेक करून डांगरवाडीकडून येत होत्या, ओल्या लुगड्यांना रेती चिकटलेली, एकीचं कपाळ फुटलेलं. आलेली बाई पिशवीत हात घालून आपला फोन काढायची आणि मटकन खाली बसायची. मी प्रत्येकीला विचारत होते. एक म्हणाली, पुढे होती. दुसरी म्हणाली, छे, माझ्या मागेच होती की. तिसरीने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. 

पिशवी रिकामी होत गेली. आईचा फोन तळाशी दिसत होता, कोपऱ्यात तडा गेलेला, मागे तुळजाभवानीचा फोटो. मी तो घ्यायला हात घातला तर बाईने पिशवी बंद केली. ज्याचा फोन त्यालेच देणार, म्हणाली. रीत ती रीत. दुसरी वेळ असती तर मी तिच्याशी भांडले असते.

तेवढ्यात साहेबांचा माणूस आला. घाट मोकळा होत होता, आता दोरापाशीच्या लोकांना थोडं थोडं सोडायचं की नाही, ते म्हणे मला विचारतायत. मला हसू आलं, रडूही आलं. मला काय विचारता? माझ्या पेटीला सगळी जत्रा ठाऊक होती, पण एक साठीची बाई, हिरव्या लुगड्याची, आली की नाही, एवढं ती सांगू शकत नव्हती. तिने सांगू नये म्हणून मीच तिला तशी घडवली होती. आणि सांगू शकली असती तरी काय? फोन पिशवीत होता, म्हणजे पेटीच्या लेखी आई सकाळपासून ट्रॅक्टरजवळ सुखरूप बसलेली होती.

तंबूत गेले. पडद्यावर घाटाचा आकडा होता तिथेच होता. हजारो माणसं त्या घाटावरून निघून गेली आणि आकड्याला त्याचा पत्ताही नव्हता. मी तो बंद केला आणि साहेबांना म्हटलं, आता डोळ्यांनी बघूनच सोडा. त्यांनी शिपाई दरडीवर बसवला आणि दोर पहिल्यांदा हाताने सैल केला. वीस-पंचवीस माणसं. मग थांब. मग पुन्हा. घाटावरून कोणाला दवाखान्यात नेलं का, असं मी विचारलं. दोन बायकांना नेलंय, म्हणाले. एकीला श्वास लागला होता. वय? साठीच्या आसपास असेल. लुगडं? ते त्यांना माहीत नव्हतं.

मी दवाखान्याकडे निघण्यासाठी चपला शोधत होते तेव्हा माझा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, 'माय'.

त्या फोनवरून मघाशी पिशवीवाल्या बाईचाच आवाज आला होता. ती आपणहून मला कशाला फोन करेल, याचं एकच कारण मला सुचत होतं. मी फोनकडे बघत उभी राहिले. साहेबही बघत होते. घंटी संपत आली तेव्हा कुठे माझं बोट हललं.

"फोन काऊन नाई उचलत व तू?" आईच होती. दम लागलेला, घसा बसलेला, पण तीच. "केव्हाची करून राह्यली. बेल घ्याले मांगं फिरली त ह्या बाया गेल्या पुढं, अन् मी अटकली त्या दोरापाशी. दोन घंटे उभी होती, बांबू पोटात घुसत होता. घाटावर पोचलीच नाई, हारून ट्रॅक्टरपाशी परत आली. ना आंघोळ, ना दर्शन."

 ती थांबायला तयार नव्हती.

"सारे माह्यापुढंच बोलत होते, तंबूत कोणी बाई आहे म्हणते, कम्पुटरवाली. तिनं दोर सोडू नाई देला म्हणते. माणसं मरून राह्यली अन् ही बसली आकडे पाहत. तिच्या मायनं तिले काई वळण लावलं का नाई?"

मी खुर्चीत बसले. मागे दोर पुन्हा एकदा सैल झाल्याचा आवाज आला.

"नाई लावलं, माय," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना.

 पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता, अजूनही जड. मग ती म्हणाली, "थांब तिथीच. येतो मी."